खड्ड्यातली कवळी

गोमती : आजोबा, तिकडं सावलीत बसा. मी खणताना तुम्ही असे वाकून बघायला लागलात की माझं डोकं फिरतं.

व्यंकोबा : ते जाग्यावर कधी होतं? बाईंची छडी मोडून शाळेतून आलीस ती आलीसच.

गोमती : आधी त्यांनी उगारली. सरका.

व्यंकोबा : माझी कवळी या खताच्या खड्ड्यात कशी येईल गं? आपल्या पंकजाच्या लग्नात हरवली, त्याला वर्ष होईल.

गोमती : काल शेषाद्रीमामाकडं जेवताना चष्मा केळीच्या पानावर ठेवलात अन् उठताना त्याच्यावरच पान मिटलंत. तेव्हा कळलं मला. लग्नात चकलीसारखा कडक मुरुक्कू चावेना म्हणून दात काढून असेच पानावर ठेवले असतील. उष्टी पानं तर सगळी इथंच टाकली होती.

व्यंकोबा : मग कुजले की. तुझ्या आईचं जुनं लुगडंसुद्धा इथं माती झालं.

गोमती : चंद्रमौळीकाका म्हणतात, डोळ्यांना न दिसणारे जंतू खातात ते सगळं. पण तुमची कवळी त्या नव्या प्लास्टिकची. ते त्यांना खायला येत नाही.

व्यंकोबा : म्हणजे मला मुरुक्कू, तसं त्यांना ते.

गोमती : नाही सापडली, तर आज गोविंदपुरमच्या देवळात भजनाचे टाळ सेतुरामकाकांच्या हाती देणार?

व्यंकोबा : काय करू? विठ्ठलापुढं तोंड उघडतो अन् नुसता वारा येतो. परवा पोरं हसली.

गोमती : कुठली पोरं? नाव सांगा.

व्यंकोबा : फावडं खाली ठेव आधी.

गोमती : थांबा. काहीतरी लागलं.

व्यंकोबा : खापर असेल.

गोमती : खापराला हिरड्या असतात?

(गोमती तांब्यातलं पाणी ओतते.)

व्यंकोबा : अय्यो. एक दात हलला नाही.

गोमती : तोंडात नको. साबणानं घासू दे.

व्यंकोबा : पोरी, शाळेवरून तुला फार बोललो गं. घरात डोळे उघडे फक्त तुझे.

गोमती : बरं, बरं. हात कुणाला जोडताय आता?

व्यंकोबा : त्या जंतूंना. सगळं खाल्लं, माझं तेवढं राखलं.

गोमती : मुद्दाम नाही राखलं. काका म्हणतात, पुढं त्यांच्यातलाच एखादा प्लास्टिकही खायला शिकेल. मग तसले जंतू खड्ड्यात सोडायचे, की त्या कचऱ्याचीही माती.

व्यंकोबा : शिकवणार कोण त्यांना?

गोमती : कोण कशाला? दुसरं काही मिळेना झालं, की आपलं आपण शिकतील.

व्यंकोबा : तुझ्यासारखे.

गोमती : घ्या. बसवून बघा.

व्यंकोबा : विठ्ठल, विठ्ठल... आला गं शब्द. आता असं कर, भजनानंतर जेवणाची उष्टी पानं होतील ना, ती इथंच आणून टाक. उपाशी नको राहायला बापडे.