सहीखालची ओळ

…खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नाहीये. आईने मला तशी शपथ घातलीय, बाबांनी वेगळी घातलीय, शांतारामकाकांनी कांद्याच्या गोणीवर हात ठेवून घ्यायला लावलीय, आणि चौथी कुणी घातली हे सांगितलं तर तीच मोडते. मी घरात सगळ्यात कमी बोलते ना, म्हणून जो तो येऊन मलाच सांगतो. पण चार शपथा एका माणसात किती दिवस मावणार? म्हणून तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही आणि इथे मस्कतला, आमच्या अझैब्यात राहत नाही. राहत नाही ना? मग ठीक. पण तुम्ही कुणाला सांगू नका हं.

तर आमच्या घरातला नियम असा, की ठरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. पुण्यातला फ्लॅट घेतला तो रजिस्ट्रेशन झाल्यावर सांगितला. चिन्मयदादाची, म्हणजे माझ्या चुलतभावाची, ॲडमिशन फी भरल्यावर सांगितली. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आजीला टाके काढल्यावर कळलं, आणि तेव्हाही आई फोनवर म्हणाली, "अहो, अजून तसं कुणाला बोलले नाहीये." म्हणजे अपेंडिक्स परत आत जाण्याची शक्यता होती की काय, मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आणि अशा घरातल्या बाईने डॉक्युमेंटरी काढायला घेतली. माझी आई, रेखा. लग्नाआधी ती पुण्यात फिल्मचं शिकत होती, मग मस्कतला आली, मग मी, मग डबे, मग माझे प्रोजेक्ट, आणि सोळा वर्षांनी एका शुक्रवारी मवालेहच्या भाजीबाजारात तिला शांतारामकाका दिसले. म्हणजे ते रोज तिथेच असतात, एकतीस वर्षं कांदे-बटाट्याच्या एकाच दुकानात, कुडाळकडचे आहेत, कांदा कानाशी नेऊन दोन बोटांनी दाबतात आणि आतून सडलाय की नाही ते सांगतात. पण त्या दिवशी ते आईला म्हणाले, "वयनी, आता बाजार हयसून खझाईनाक हलतलो, माझा वय झाला, मी काय तितक्या लांब जावचंय नाय. जूनाक खलास." आणि आईने घरी येऊन जाहीर केलं, की मी या माणसावर फिल्म करणार, तो जायच्या आत, आणि हे कुणाला सांगायचं नाही.

आता फिल्मला कॅमेरामन लागतो, माइक लागतो. आईला इंटरनेटवर सापडलं, की अमेरिकेत काही फाउंडेशनं अशा फिल्मना अनुदान देतात. पण ती माणसाला देत नाहीत, संस्थेला देतात. मग ज्याच्याकडे संस्था नाही त्याने काय करायचं, तर तिथलीच एक नोंदणी झालेली धर्मादाय संस्था गाठायची. ती आपल्या नावावर अनुदान घेते, थोडा वाटा ठेवते आणि बाकीचं आपल्याला देते. तिला म्हणतात फिस्कल स्पॉन्सर. मला समजायला चार दिवस लागले. बाबांना अजून समजलेलं नाही, आणि हे आईला सांगायचं नाही, ही त्यांची शपथ. बाबा म्हणाले, "राहतेस माझ्या व्हिसावर, इथे तुझा स्पॉन्सर मी, आणि दुसरा अमेरिकेत शोधतेस?" आई म्हणाली, "उल्हास, तुम्ही फक्त कुणाला सांगू नका."

फॉर्म मी भरायचा, कारण माझं इंग्रजी चांगलं आणि मी उलट बोलत नाही. पहिले प्रश्न सोपे होते. मग आला प्रश्न, की तुमच्या प्रकल्पाबद्दल आजवर किती लोकांना माहिती आहे? मी आईकडे बघितलं. आई अभिमानाने म्हणाली, "लिही, कुणालाही नाही." पुढे विचारलं होतं, लोकांपर्यंत पोचण्यासाठी तुम्ही काय केलंत? आई म्हणाली, "लिही, घरातही हळू बोलतो."

मी लिहिलं. मी सांगितलेलं नीट लिहिते.

दोन दिवसांनी त्या संस्थेतल्या मेहविश मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. संध्याकाळचे सहा, त्यांच्याकडे सकाळ. त्या मूळच्या कराचीच्या, फार गोड बोलतात. म्हणाल्या, "रेखाजी, ये टायपिंग मिस्टेक है ना?" आई म्हणाली, "नहीं नहीं, सच में किसी को नहीं बताया," आणि अशी हसली की आता शाबासकी मिळणार. मेहविश मॅडमनी फॉर्म परत एकदा वाचला. मग म्हणाल्या, लोकांना माहीत असेल, लोकांचा पाठिंबा असेल, तर निवड समितीला भरवसा वाटतो. आई म्हणाली, ठरलं की सांगू. मेहविश मॅडम म्हणाल्या, सांगितल्याशिवाय ठरणार कसं? आई म्हणाली, ठरल्याशिवाय सांगणार कसं? आणि मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी पंधरा वर्षांची आहे हो. मला काय माहीत?

शेवटी पाठिंब्याचं एक पत्र तरी हवंच असं ठरलं. आई बौशरला अंबरीशकाकांकडे गेली. ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष, गणपतीला माइक त्यांच्याकडे गेला की आरती उशिरा होते. आईने त्यांना सगळं सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणाली. त्यांनी शब्द दिला आणि पाळलासुद्धा. मंडळाच्या लेटरहेडवर त्यांनी लिहून दिलं, 'सौ. रेखा यांच्या एका उपक्रमाला आमचा जाहीर पाठिंबा आहे. उपक्रम कोणता, हे सांगता येत नाही.' खाली शिक्का. मी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि पाठवून दिलं. तीन वेळा वाचलं, चूक एकही नव्हती, पण काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. तुम्हाला वाटतंय का?

मग मेहविश मॅडमनी शेवटचा कागद मागितला. ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांचं संमतिपत्र, सहीसकट. ते नसेल तर अर्ज पुढच्या वर्षीच्या फेरीत जाणार. आणि पुढच्या वर्षी काका कुडाळला, बाजार खझाईनला आणि आई परत डब्यांवर.

हे ऐकून आईने लॅपटॉपच मिटला. कारण आईने शांतारामकाकांनाच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी ती त्यांना मोबाईलवर टिपत होती आणि ज्याची फिल्म त्यालाच पत्ता नाही. बाबा म्हणाले, "मग आता विचार." आई म्हणाली, "आणि नाही म्हणाले तर? उगाच सांगून बसलो असं होईल." मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे सगळे शेवटी माझ्याकडे का बघतात? मी कॉफी शॉपमध्ये स्वतःचा चहा मागत नाही. मी शाळेत 'प्रेझेंट'सुद्धा असं म्हणते की मॅडम दोनदा नाव घेतात.

पण गेले. शुक्रवारी आई गाडीत एसी लावून बसली आणि मी कागद घेऊन कांद्यांपाशी. एक गोष्ट माझ्या आधीच लक्षात आली होती, म्हणजे काका शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालतात, फक्त शुक्रवारी, आणि केस काळे केलेले असतात, फक्त समोरून. गोण्या उचलायला इस्त्री कशाला, असं मला वाटायचं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "गो चेडवा, फिलमेचो कागद हाडलंस काय? माका पयल्या दिसापासून ठावक आसा. तुझी आवस अर्धो किलो कांदे घेवक तासभर उभी रवता, मोबाईल असो छातीक धरून. कांदे काय पळान जातत?"

मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तिना सांगूक नाय, मगे मी कित्याक सांगू? लाजली असती बिचारी."

आणि सही केली. छान, सावकाश, पूर्ण नाव. मला वाटलं सुटले. तेवढ्यात सहीखाली त्यांनी एक ओळ लिहिली. 'वसुंधरेला कळेपर्यंत कोणाला दाखवू नये.'

वसुंधराकाकू म्हणजे त्यांच्या बायको, गावी असतात. आणि काकांनी त्यांना सांगितलं होतं, की जूनमध्ये महिन्याच्या रजेवर येतोय. कायमचा येतोय हे नाही. मी विचारलं, का? मी सहसा असं विचारत नाही. काकांनी एक कांदा उचलला, कानाशी नेला, परत ठेवला. म्हणाले, "मस्कतात सगळे इचारतत, गावाक कधी जातलंस? गावाक उतरलंय की इचारतत, परत कधी जातलंस? एकतीस वर्सां हीच उत्तरां देतंय. आता तिका सांगलंय तर ती इचारतली, फुडे काय? ता माकाच ठावक नाय गो. एक म्हयनो माका कोणी काय इचारूचा नाय, इतक्याच होया." मग म्हणाले, आईला सही दाखव, कारण सांगू नको. आणि गोणीवर हात ठेवायला लावला.

मी ती ओळसुद्धा इंग्रजीत करून पाठवली. आईला वाटलं, झालं, बुडालो. पण मेहविश मॅडमचा उलट आनंदाने कॉल आला, समिती अनुकूल आहे, मुबारक हो, फक्त ती अट पूर्ण झाली का तेवढं एका पानावर भरून द्या. 'हो' किंवा 'नाही', चौकोनात टिक, आणि खाली, कशी पूर्ण झाली ते थोडक्यात. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

आई म्हणाली, जा, विचारून ये, सांगितलं का बायकोला. परत शुक्रवार, परत कांदे. काका व्हिडिओ कॉलवर काकूंशीच बोलत होते. तेवढ्यात हॉटेलवाल्याची गाडी आली, अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाने, लांबूनच "शांताराम, यल्ला", चल लवकर, असं केलं आणि काकांनी फोन माझ्या हातात दिला, "बोल गो काकूशी."

मी काय बोलणार? मी हात हलवला. काकूंनी स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन विचारलं, "गेलो मां तो? आयक. तो कायमचो येता, माका ठावक आसा. गेल्या म्हयन्यात कार्गोन बॉक्स धाडल्यान, त्यात आपली उशी धाडल्यान. म्हयन्याच्या रजेर येवचो माणूस आपली उशी फुडे धाडता काय? मी ती उन्हात घालून ठेवलंय. पण त्येका सांगा नको हां, मी वळाखलंय म्हणान. आपल्या तोंडान सांगूंदे. आणि तुझ्या आवशीक तर बिलकूल नको, ती फिलिम काढता."

मी विचारलं, फिल्मचं तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाल्या, "अंबरीशान. आमच्याच गावचो मां तो. कोणाक सांगा नको म्हणालो."

आता तुम्हीच सांगा. आज सोमवार आहे. पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. अट पूर्ण झालीय, अगदी खरं आहे, पण हे जगात मला एकटीला माहीत आहे. 'नाही' म्हटलं तर खोटं, आणि आईची फिल्म जाते. 'हो' म्हटलं तर आई विचारणार, तुला काय माहीत? ते सांगितलं की आई काकांना सांगणार, काका काकूंना विचारणार, आणि ज्या माणसाला एक महिना कुणी काही विचारायला नको होतं, त्याला सगळं मस्कत आणि अर्धं कुडाळ विचारत बसणार. आणि हे सगळं कुणामुळे, तर जी घरात सगळ्यात कमी बोलते तिच्यामुळे.

म्हणून मी 'हो'वर टिक केली. पाठवलंसुद्धा, आत्ताच, तुमच्याशी बोलता बोलता. आणि खाली ते 'कशी पूर्ण झाली' आहे ना, तिथे पुष्कळ विचार करून, स्पेलिंग तपासून, मी लिहिलं, 'हे सांगता येत नाही.' शिक्का तेवढा नव्हता माझ्याकडे…

थांबा, आई हाक मारतेय.

"ऋचा, बाहेर ये आधी. मेहविशचा फोन आलाय, ती विचारतेय खाली काय लिहिलंयस ते. स्पीकरवर ठेवलाय. शांतारामकाकाही आलेत, त्यांनाही ऐकायचंय. आणि आत कुणाशी बोलतेयस गं इतका वेळ?"

कुणाशी नाही गं, आले… हे बघा, मी बाहेर जाऊन काय बोलेन ते मला माहीत नाही, पण निदान तुम्ही तरी हे कुणाला