सरदार बोक्याचा मणका

देवाचं नाव घेतलंत? आता मंडळी, एक सांगा — देवानं माणसाला एवढी मोठी जीभ दिली, तिला तीन शब्द एवढे जड का व्हावेत? कुठले? थांबा! आधी गोष्ट ऐका.

वडजल गावात रंगोबा हाडवैद्य. हाताला गुण! उसण भरली, खांदा निखळला — रंगोबांचा अंगठा लागला की माणूस चालत घरी. पण नेम असा, की रोग्यानं तोंड उघडायचं नाही! "तू गप पड. माझा अंगठा विचारतो, तुझा मणका सांगतो." डोकं दुखतंय? मणका! पोट बिघडलं? मणका! सून उलट बोलते? — तिचाही मणकाच, मंडळी!

रंगोबांचा जीव होता सरदारवर. सरदार म्हणजे बोका हो! ताटाशेजारी बसणार, दुधावरची साय त्यालाच.

एके सकाळी सरदार कोपऱ्यात जाऊन बसतो, कण्हतो, थेंबभर करतो. पुन्हा उठतो, पुन्हा बसतो. शेवटी थेंबही येईना. रंगोबांच्या बायको सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, लघवी अडकलीय त्याची. डॉक्टरकडं न्या."

"तुला काय कळतंय? वाकून बसतोय बघ! मणका सरकलाय!"

ओट्यावर कंबरदुखीवाले बसलेले. त्यांच्यासमोर सरदारला चटईवर पालथा घातला आणि कमरेवर दाबला अंगठा. सरदारनं काय केलं? तोच अंगठा धरला दातांत! रंगोबा बोंबलले, आणि ओट्यावरचे सगळे ताडकन उठले — "तात्या, आम्हाला बरं वाटतंय!" वाकून आलेले धावत गेले हो!

हसा, हसा. पण मग सरदार ओकला. मान टाकली. हाक मारली तरी कान हलेना. रंगोबांच्या काळजात चर्र झालं.

टोपलीत बोका, टोपली सगुणाबाईंच्या मांडीवर, फटफटी थेट तालुक्याला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई विचारू लागल्या, "कधीपासून? रक्त दिसलं? पाणी पितो?" सगळी उत्तरं सगुणाबाईंची. बाईंनी भूल देऊन नळी घातली, फुगलेलं मूत्राशय मोकळं केलं. म्हणाल्या, "मूत्रमार्गात खडे अडकलेत, संसर्गही आहे. संध्याकाळ केली असतीत तर हा वाचला नसता."

रंगोबांचे डोळे भरले. तरी खोड जाते का? हळूच विचारलं, "आणि... मणका?"

"तुमच्यापेक्षा सरळ आहे!"

चार दिवस दवाखान्यात राहून सरदार घरी आला. दुसऱ्या दिवशी भिवा तेली कंबर धरून आला आणि सवयीनं पालथा पडला. रंगोबा म्हणाले, "ऊठ. आधी सांग, काय होतंय?"

"तात्या, कंबर दुखते, ताप आहे... आणि लघवीला आग होते."

रंगोबांनी बांधलेला अंगठा पाहिला. घसा खाकरला. "भिवा, दवाखान्यात जा. यातलं... मला कळत नाही."

आत सगुणाबाईंच्या हातातून पळी पडली! लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं हो त्यांनी!

हेच ते तीन शब्द. आणि मंडळी, तुम्ही हसताय कुणाला? शेजारचा खोकला की तुमचा काढा तयार! घरातलं कुणी कोपऱ्यात कण्हत असेल, त्याला काय होतंय ते विचारलंत? की अंगठाच चालवलात? चला, देवासमोर सगळे म्हणा — मला कळत नाही!

...अहो, मघाशी देवाच्या नावाला मांडव दणाणला होता. आता कुणाचाच आवाज कसा येईना?