बोरमाळेतला मणी

बारामतीहून अंथुर्ण्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर लग्नाला निघालेली एक आजी आणि तिची कॉलेजात शिकणारी नात बसल्या होत्या.

“सोनम, एका मण्यावाचून माझी बोरमाळ अडलीय. कॉलेजात प्रयोगाला नेलेला सोन्याचा मणी दे आदी.”

“हा काय, आजी. या बाटलीत आहे.”

“ह्यात नुसतं केशरी पाणी हाय!”

“मणी विरघळवला. मग चांदी मिसळून त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण केले.”

“चांदी? अगं, सोन्यात चांदी मिसळणाऱ्या सोनाराला मी दारात उभं करत न्हाय!”

“त्या मिश्रणामुळंच तर काम होतं. विहिरीच्या पाण्यात फवारणीचं औषध उतरलं असलं, की ह्याचा रंग बदलतो.”

“आन् मांडवात काय सांगू? माझी धाकली जाऊ अनसूया पहिली गळ्याकडं बघती. एक मणी कमी दिसला, की झालं!”

“सांग, नातीनं आपल्या विहिरीचं पाणी तपासलं.”

“तपासलंस व्हय? काय निघालं?”

“रंग बदलला नाही. चांगलं आहे पाणी.”

“आन् अंथुर्ण्यात अनसूयाच्या विहिरीचं?”

“ते नाही अजून बघितलं.”

“मग बोरमाळ ऱ्हाऊ दे पिशवीत. ती बाटली नीट धर. आदी तिच्या विहिरीवर जायचं, मग मांडवात.”