बर्फाबाहेरची चाळीस मिनिटं

बसा सिस्टर, बसा — डबा द्या इकडे, हां — आणि तोंड नका असं पाडू, झालं गेलं, ते किती दिवस उगाळत बसायचं? बर्फ मात्र चांगला खच्चून भरलाय तुम्ही. नळी कुठाय — ही बघा, सापडली. बोटाच्या पेराएवढी. आणि हाडातल्या एवढ्याशा मज्जेवर त्या पोरीचं सगळं — काय म्हणता तुम्ही तिला, पिटुकली? रडली का आज? नको, नका सांगू. कमरेच्या हाडात दुसऱ्यांदा सुई म्हणजे रडणारच. नका सांगू.

तुम्हाला कधी कुणी दाखवलंच नसेल ना, इथं होतं काय ते? ही काच बघा, वर हा रबराचा पारदर्शक तुकडा, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा — हीच ती चिप, मी बनवलीय, याच खोलीत. आत केसाएवढ्या वाटा आहेत. एकीतून पेशी येतात, दुसरीतून डोळ्यांना न दिसणारे बारीक मणी, आणि बाजूनं तेल येऊन थेंब तोडत जातं — एका थेंबात एक पेशी, एक मणी. थेंबात पेशी फुटते, तिच्यातला आरएनए — तिच्या चालू कामाची चिठ्ठीच म्हणा — मण्याला चिकटतो, आणि प्रत्येक मण्याची खूण वेगळी — म्हणजे कुठली पेशी आतून काय करत होती ते एकेकीचं वाचता येतं. औषधाला न जुमानणाऱ्या कॅन्सरच्या पेशी कुठल्या, ते सापडतं. मग डॉक्टर औषध ठरवतात. मोठ्या मशीनवर हेच करायचं तर तिच्या बापाला राहतं घर विकावं लागलं असतं. इथं नाही लागत. म्हणून तर मी मिरवतो — मिरवायचो. फक्त एकच, पेशी तोवर जिवंत हव्यात. बर्फाबाहेर राहिल्या की त्या आधीच फुटतात, सगळ्यांचं सगळं पाण्यात उतरतं, प्रत्येक थेंबात प्रत्येकीचं थोडं थोडं, आणि मग कोण कुठली — काही कळत नाही. नुसता चिखल.

मागच्या वेळी तेच झालं. रिपोर्टात होतं ना — 'नमुना वाटेतच खराब झाला.' वाटेत. म्हणजे तुमच्या हातून. मोठ्या सिस्टरनी तुम्हाला वॉर्डभर सगळ्यांदेखत झापलं म्हणे, वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. आणि तरी पोरीच्या आईनं हट्ट धरला, डबा नेतील तर त्याच नेतील. ऐकलं मी. ऐकलं आणि त्या दिवशी जेवायला गेलोच नाही. का, विचारा ना. विचारा!

लिफ्ट बंद होती त्या दिवशी. तुम्ही चार जिने धावत चढून आलात, धापा टाकत, बर्फ जसाच्या तसा. दहा वाजून पाच मिनिटांनी नमुना मिळाल्याची मीच सही केली. नळी बाहेर काढून टेबलावर ठेवली, आता सुरूच करायचं म्हणून — आणि पाहुणे आले. मोठी माणसं होती हो, ही चिप बाकीच्या दवाखान्यांना द्यायची की नाही ते ठरवणारी. मग मी रंगीत पाणी सोडून थेंब दाखवले. मग परत दाखवले, कारण एक बाई टाळ्या वाजवायला लागल्या. चाळीस मिनिटं, सिस्टर. नळी तिथंच, माझ्या कोपरापाशी. आणि नंतर खरं लिहायचं तर चिपची बदनामी झाली असती — चिपची कसली, माझी. तुम्ही काय, परत दिसणारही नव्हतात मला. 'वाटेत'ची ती ओळ मी लिहिली. शुद्धीत, खुर्चीत बसून, चहा पीत.

शिव्या घाला. आजच जातो मोठ्या सिस्टरकडे, लेखी देतो, तुमच्यासमोर, पोरीच्या आईचेही पाय — अशा काय बघताय? माझ्या हाताकडे काय —

अरे देवा. नळी.

मुठीत माझ्या. गरम मुठीत. केव्हापासून? — धरा, तुम्हीच धरा, तुम्हीच ठेवा बर्फात, माझा भरवसा नाही. किती झाली मिनिटं? चार? चार म्हणजे अजून जिवंत असतील पेशी — हो. हो, सिस्टर. गप्प बसतो.