आठ वाजताचं बटण

—नाही हो भाऊ, फोन बिघडलेला नाही. कोणीतरी त्याची डिस्प्ले साईज वाढवलीय, बस. तुम्हीच वाढवलीत ना? आईसाठी? वाटलंच. सगळे तेच करतात.

आता बघा, ही काच तेवढीच आहे. आडवे एक हजार ऐंशी ठिपके, तेही तेवढेच. पण ॲप ठिपके मोजत नाही. ठिपके किती दाट आहेत ते फोन सांगतो, त्यावरून हिशेब होतो — तिनाने भागलं की तीनशे साठ, म्हणजे नॉर्मल स्क्रीन. तुम्ही सगळं मोठं केलंत, की फोन साडेतीनने भागायला लागतो. तीनशे आठ. झाला लहान फोन! हातात तोच, पण ॲपच्या लेखी लहान. मग खालचं बटण मावत नाही, ते जातं काचेच्या बाहेर. बनवणाऱ्याने सरकवायची सोय ठेवली असेल तर ठीक, नाहीतर बसा शोधत.

मला कसं माहीत? अहो, धंदाच आहे माझा. — आणि मीही केलं होतं ना. आत्यासाठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. एकटी राहायची. तिच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं, रोज सकाळी आठला ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर माझा फोन वाजणार. दोन वर्षं एक दिवस चुकली नाही बाई. मग म्हणाली, दिसत नाही गं नीट. रविवारी गेले, सगळं मोठं करून दिलं. खूश झाली. बटण तपासलं नाही मी. दुसऱ्यांच्या फोनचं सगळं तपासते, पावती देते — तिचं नाही तपासलं.

सोमवारी आठला माझा फोन वाजला. धावत लावला तिला, तर म्हणते, “अगं, मी आहे की! ते बटणच दिसत नाहीये.” मंगळवारी परत तेच. हसायला लागली — “रोज मरे त्याला कोण रडे!” मीही हसले. म्हटलं, येत्या रविवारी येऊन करते नीट.

बुधवारी वाजला. मी बंद केला.

हो, बुधवारीच. न्हाणीघरात पडली होती. डॉक्टर म्हणाले, नऊपर्यंत जरी कोणी पोचलं असतं तरी वाचली असती. नऊला मी इथेच होते, कोणाच्यातरी फोनची काच बसवत होते. चांगली बसली होती काच. संध्याकाळी गेले तिच्याकडे.

रडू? नाही आलं. अजून नाही. येईल म्हणतात लोक.

हा घ्या. साईज पूर्वीसारखी केलीय, फक्त अक्षरं एक पायरी मोठी ठेवलीत. प्रत्येक ॲप उघडून शेवटचं बटण दिसतंय का पाहिलंय. नाही, पैसे राहू द्या. ह्याचे मी घेत नाही. अहो, उभे काय राहिलात? जा ना, आई वाट बघत असतील.