रस्त्याकडची भिंत

(अमेरिकेतलं इंडियाना राज्य. डागडुजी झालेल्या ओंडक्यांच्या प्रार्थनाघरात ओडेसामावशी आणि तिची भाची विनी.)

विनी : मग उद्या उद्घाटनाला गाशील ना, मावशी? या नव्या खिडकीपाशी उभी राहून?

मावशी : आधी जवळ सरक. एक गोष्ट सांगते, ती ऐक. मग पुन्हा विचार.

विनी : अगं, मी डागडुजीच्या समितीला शब्द दिलाय.

मावशी : शब्द तुझा आणि घसा माझा! बस खाली. या रस्त्याकडच्या भिंतीला इतकी वर्षं खिडकी का नव्हती?

विनी : काच महाग असेल. वास्तुतज्ज्ञ तसंच म्हणाले.

मावशी : मग जंगलाकडे दोन कशा परवडल्या? गुलामीतून पळून आलेली माणसं ती. रान तोडलं, ओंडके खांद्यावर वाहिले, देवाला घर बांधलं. रस्त्यावरून पकडणारे फिरायचे. दिवा दिसू नये म्हणून ही भिंत आंधळी.

विनी : हे मला कुणी सांगितलंच नाही.

मावशी : विचारलंस कुणाला? मी काय मेले होते? पाळक उपदेश गायला लागले की शब्द चढत चढत सूर व्हायचे, माणसं हुंकार द्यायची. तो आवाज गिळायला दाराशी पालथी कढई.

विनी : त्या कढईत आम्ही फुलं लावलीत.

मावशी : बघितली. छान उमललीत.

विनी : टोचून बोलू नकोस गं.

मावशी : माझी खापरपणजी केझाया या भिंतीला टेकून बसायची. सगळ्या फटी मातीने लिंपलेल्या, तिच्या कानापाशी मात्र एक बोटभर मोकळी. बाकीचे उपदेशात बुडालेले, ही टापा ऐकायची. देवाचं वचन बिचारीला कधी पुरतं ऐकायला मिळालं नाही. एका रविवारी टापा आल्या. तान्ही लेक शेजारणीच्या मांडीवर ठेवली, बाहेर पडली आणि मोठ्याने गात रस्त्याने उलट दिशेने चालू लागली. घोडे तिच्या मागे वळले. इकडे सगळे जंगलात पळाले. ती लेक वाचली, म्हणून आपण आहोत.

विनी : आणि ती?

मावशी : परत आली असती तर आपण तिच्या थडग्यावर फुलं वाहिली असती. कढईत नाही.

विनी : ती टेकायची तो ओंडका... कुठे होता?

मावशी : जिथून तुला आता रस्ता दिसतोय, तिथे.

विनी : कापलेले तुकडे कामगारांनी जाळले गं. कॉफी उकळली त्यावर.

मावशी : चला, कुणाला तरी ऊब मिळाली.

विनी : मी खिडकी बुजवायला लावते.

मावशी : बुजव. नवा ओंडकाही बसव. केझाया त्याला कधी टेकली होती?

विनी : म्हणजे उद्या गाणार नाहीस?

मावशी : गाईन. पण आत नाही. बाहेर, रस्त्यावर, ती गेली त्या दिशेने चालत. पाहुणे म्हणतील, म्हातारी वाट चुकली. म्हणू देत. तू तेवढी या खिडकीत उभी राहा, आणि केझायाची आठवण ठेव.