गिअरच्या दांडीला लावलेलं तेल

हमीदभाईंचं नाव निघालं की माझी मान अजून खाली जाते. काहून, ते सांगतो.

माझ्याकडं जुनी रेसर सायकल आहे, गिअरच्या दांड्या फ्रेमवर असलेली. हिंगोलीत तिला हात लावणारे हमीदभाई एकटेच मिस्त्री. त्यांनी केबल बदलून दिली अन् आठवडाभरात नरसीच्या रस्त्याला चढावर गिअर आपोआप बदलायला लागला. पायडल मारून राहिलो, अन् मधीच सायकल एकदम जड.

तसाच दुकानावर गेलो. चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोरच ओरडलो, "हमीदभाई, डुप्लिकेट केबल टाकली व्हय? मास्तर म्हणून येड्यात काढता?"

त्यांनी दांडी हलवून बघितली, बोट नाकाशी नेलं अन् हळूच विचारलं, "सर, याला तेल कोणी लावलं?"

मीच लावलं होतं. दांडी घट्ट फिरते म्हणून.

"ही घट्टच पायजे, सर. म्हणून तर गिअर जागेवर थांबतो. तेल लागलं की केबल तिला ओढून नेते."

त्यांनी दांडी खोलली, पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, स्क्रू आवळला. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काय निघालं, हमीदभाई?"

माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "काही न्हाई. केबल माझ्याकडूनच ढिली राहिली होती."

तिथं खरं बोलायचं होतं मला. अन् मी काय म्हणालो, माहितंय?

"असू द्या हमीदभाई, होतं कधी कधी."